नत्र आणि निचरा

माणसाची यच्चयावत दुःखं नत्र कमी पडल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो माझा मेहुणा निघाला. कुणाची झोप उडाली, कुणाची सून रुसली, कुणाचा मुलगा गणितात अडकला, कुणी ग्रामपंचायतीला पडलं, तरी हा सगळं शांतपणे ऐकून घेतो, समोरच्याचा हात हातात धरून नखं उजेडाकडे वळवून बघतो आणि निकाल देतो, "नत्र कमी पडलंय." राहुरीला त्याचं खतं-बियाणांचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकं त्याला पैलवान म्हणतात. पिकाला जे नत्र तेच माणसाला प्रोटीन, हे त्याला शेतकीची पदविका करताना कुठल्याशा तासाला उमगलं, आणि त्यानंतर जगात आणखी काही उमगून घेण्यासारखं आहे असं त्याला वाटलं नाही. मी शाळेतून निवृत्त झालो त्या दिवशी निरोपाच्या भाषणांत सगळ्यांनी माझ्या विद्वत्तेचे गोडवे गायले. हा मागच्या बाकावरून उठून जवळ आला, माझ्या खालच्या पापणीला बोट लावून आत डोकावला आणि म्हणाला, "नत्र कमी पडलं की आधी जुनी पानं पिवळी पडत्यात, दाजी. ह्या हारतुऱ्यापरीस पाव किलो फुटाने दिले असते तर बरं झालं असतं."

लग्नकार्यात त्याला बोलवायचं म्हणजे यजमानाच्या काळजाची परीक्षाच. पंगतीत बसला की तो वाढप्याला अडवणार, "भात नको. वरणाची बादली ढवळ आन् तळातनं घाल." वाढपी वरचं पाणी ओतून पुढे सटकू लागला की त्याचं मनगट धरून ठेवणार, आणि त्यानं धरलेलं मनगट सोडवून घेणारा वाढपी आमच्या जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे. बुंदीला हात लावणार नाही. खिशातून उकडलेली अंडी काढून भिंतीकडे तोंड करून खाणार. हिवाळ्यात मित्रांच्या हुरडा पार्टीला गेला, तर बाकीचे शेकोटीभोवती गोवऱ्यांच्या धुरात सुखानं हुरडा खात असताना हा चटणीतले शेंगदाणे बोटानं वेगळे करत बसणार. एकदा मात्र त्याची चांगलीच फजिती झाली. प्रोटीनच्या पावडरीचा भलामोठा डबा तो दुकानाच्या फळीवर सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पाकिटांशेजारी ठेवायचा. गर्दीत कुणा शेतकऱ्यानं तो उचलला आणि सगळी पावडर पाण्यात कालवून डाळिंबाच्या बुडाला घातली. आठ-पंधरा दिवसांनी गृहस्थ परत आले ते खूश होऊन. "पैलवान, त्ये चॉकलेटच्या वासाचं औषद आनखी एक द्या. मुंग्या लई झाल्या, पन फुलोरा निघाला राव!" दुसरा एखादा संतापला असता. आमचा मेहुणा त्या दिवशी दुकान लवकर बंद करून बेलापूरला माझ्याकडे आला, फक्त एवढंच सांगायला, की डाळिंबालासुद्धा कळतं.

हे वेड कुठून आलं ते सांगायचं तर माझ्याच परसात यावं लागेल. मी बेलापूरच्या हायस्कुलात मराठी शिकवायचो. लग्न होऊन ही घरी आली तेव्हा रुखवताबरोबर हिचा धाकटा भाऊही आला, असं मी थट्टेनं म्हणायचो. त्यांची आई लवकर गेली होती, आणि हिनं त्याला मागे ठेवून यायचं नाकारलं होतं. तेव्हा तो इतका काटकुळा होता, की वाऱ्याच्या दिवसांत केवळ दप्तराच्या वजनावर जमिनीला टिकून राहायचा. हिनं त्याला तूप चारलं, खरवस चारला, गावात मिळेल ते चारलं; अंगाला लागेना. शेवटी तालमीतल्या वस्तादांनी सांगितलं, "बाई, अंडी खाऊ घाला." ही माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात आजवर अंड्याचं टरफलही आलेलं नाही. दोन-चार दिवस तसेच गेले. मग एका सकाळी बाजारातून जर्मनचं एक भगुलं घेऊन आली, परसात पेरूच्या झाडाखाली तीन विटा मांडल्या, आणि नाकाला पदर लावून, तोंड तुळशीकडे वळवून, अंडी उकडायला ठेवली. भगुलं घरात यायचं नाही, अंड्याला तिचा हात लागायचा नाही, पळीनं काढायची. मी म्हटलं, "त्यालाच उकडू दे की." त्यावर म्हणाली, "त्याला काय कळतंय! कच्ची काढल आन् पोट बिघडवून घील." आणि वाफेकडे न बघता ओरडली, "भावड्या, ये रे! झाली तुझी घान!"

ती घाण त्याला मानवली. पुढे राहुरीला दुकान टाकलं तरी रविवारी सकाळी तो मोटारसायकलनं बेलापूरला हजर असायचा आणि परसात भगुलं चुलीवर असायचं. लग्न त्यानं केलं नाही. कुणी स्थळ आणलं की म्हणायचा, "बायको आली की सैपाकघर तिचं. मग अंड्यांचं कसं?" दुकानामागच्या गोदामात त्यानं स्वतःची व्यायामशाळा थाटली. लोखंडी वजनं होतीच, पण त्याचा खरा जीव गोण्यांवर. युरियाची गोणी खांद्यावर घेऊन बैठका मारायचा, आणि हमाल बिड्या ओढत कौतुकानं बघत बसायचे. पुढे पन्नास किलोची गोणी पंचेचाळीसची झाली, तेव्हा जिल्ह्यातले शेतकरी चडफडले ते वेगळ्या कारणासाठी. आमचा पैलवान महिनाभर उदास होता. "दाजी, माप हालकं करून ठिवलं. उचलल्यासारखंच वाटत न्हाई."

वजनाचा त्याला असा सोस, की दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला आधी काट्यावर उभं राहावं लागे. बाकी सगळीकडे आकडे लुकलुकणारे काटे आले तरी यानं जुना लोखंडी काटा ठेवला आहे. त्याच्या दांडीवर छोटं वजन सरकवायचं आणि दांडी अधांतरी तरंगली की माप पुरं. "दांडी तरंगली पायजे. आकडा खोटा बोलंल, दांडी बोलत न्हाई," हे त्याचं वचन. आमची ही काट्यावर चढायची ती चपलांसकट, हातातल्या भाजीच्या पिशवीसकट. "पिशवी ठिव खाली, आक्का." "ऱ्हाऊ दे. तेवढंच माझं वजन वाढतंय गावात."

या सगळ्या आनंदात एक कुसळ होतं. त्याच्या गिऱ्हाइकांत एक म्हातारे ऊसबागाईतदार होते, अण्णा. ऊस जोमात यावा म्हणून वर्षानुवर्षं पाणी आणि युरिया ओतता ओतता त्यांची कालव्याकाठची काळी जमीन खारावून पांढरी पडली होती. ते बाकावर बसून याची अंडी खाण्याची पद्धत बघायचे आणि मान हलवायचे. "पैलवान, युरिया हानला की ऊस हिरवागार दिसतो बगा. धा वर्सं दिसतो, पंदरा वर्सं दिसतो. मग एक दिस जिमीन पांढरी व्हती. तुमच्या मुतखड्याच्या... आपलं, त्या किडन्यांचं बी तसंच व्हनार."

"जिमीन युरियानं न्हाई खारावत, अण्णा. पानी साचल्यानं खारावती. निचरा चांगला पायजे," हा म्हणायचा. "माझा निचरा बगा, एक नंबर हाय." आणि पुराव्यादाखल तांब्याभर पाणी घशात ओतायचा.

"ते आत्ता. म्हातारपनी बोलू."

हा वाद पुष्कळ वर्षं चालला. मी स्वभावानं पुस्तकी. पेपरात कुठे आहारावर लेख आला की कापून ठेवायचो. एक लेख म्हणायचा जपून खा, दुसरा म्हणायचा बिनधास्त खा, आणि दोन्ही लेख लिहिणाऱ्यांची छायाचित्रं सारखीच तुकतुकीत असायची. हिला अण्णांचं पटायचं. दर रविवारी अंडी उकडता उकडता पुटपुटायची, "किडन्या घालवून बसल एक दिस. मग बसंल बोंबलत." आणि उकडायची मात्र थांबायची नाही.

मग किडन्या गेल्या त्या हिच्या. जिनं जन्मात डाळ-भाकरीपलीकडे काही खाल्लं नाही, तिच्या. रक्तदाब कधीपासून आत बसून काम करत होता, आम्हाला पत्ता नव्हता. सुरुवातीला नगरच्या डॉक्टरांनी डाळ, शेंगदाणे, उसळी बेतानं खायला सांगितल्या. त्या काळात मी जे पाहिलं ते विसरणार नाही. ज्या माणसानं उभ्या जगाच्या ताटात शेंगदाणे ढकलले, तो आपल्या बहिणीच्या ताटातली शेंगदाण्याची चटणी हळूच काढून घेत होता, आणि ती चटणी स्वतः न खाता हातातच धरून बसत होता. पुढे डायलिसिस आलं, ते फार मानवेना. डॉक्टरांनी पुण्याला नेऊन किडनी बदलायचं बोलणं काढलं. मी पुढे झालो, माझी साखर आडवी आली. आम्हाला मूलबाळ नाही. उरला एकच माणूस, आणि तो विचारायच्या आधीच पुण्याच्या गाडीत बसला होता.

पहिला रिपोर्ट आला आणि रक्तातला क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचा, आकडा त्याच्या बाबतीत असायला हवा त्यापेक्षा चढा निघाला. दवाखान्याच्या जिन्यात तो खाली बसला. इतका मोठा माणूस बसला की जिना अडला. लोक कडेकडेनं जाऊ लागले. "अण्णा बरूबर बोलत व्हते," तो म्हणाला. "जिमीन खारावली, दाजी. आक्का उकडत ऱ्हायली आन् मी खात ऱ्हायलो. तिच्यासाठी ठिवायची किडनी मीच खाल्ली." मी त्याच्या शेजारी बसलो. माझ्या उभ्या आयुष्यातल्या वाचनात त्या जिन्यात उपयोगी पडेल असं एक वाक्य नव्हतं.

किडनीच्या डॉक्टर तरुण होत्या, आणि त्यांनी याला नखशिखान्त बघून आधी हसूच दाबलं. म्हणाल्या, "काका, तुमचे स्नायू इतके आहेत, त्यात मटण, पावडर आणि रोजचा व्यायाम. अशा माणसात हा आकडा किडनी चांगली असूनही चढू शकतो. यावरून मी तुम्हाला नापास करणार नाही आणि पासही करणार नाही. काही आठवडे मटण, पावडर, वजनं सगळं बंद. मग किडनी प्रत्यक्ष किती गाळते, ते आपण दुसऱ्या तपासणीनं मोजू."

यानं जिन्यातला प्रश्न तिथेच विचारला. "इतकी वर्सं अंडी खाल्ली. त्यानं बिघडली आसंल का?"

"चांगल्या किडनीला त्यानं इजा होते, असं छातीठोक सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि काहीच होत नाही, असंही नाही. त्यासाठी माणसांकडे वीस-तीस वर्षं नुसतं बघत बसायला हवं, तेवढं नीट कुणी बसलेलं नाही. पण जगाचं राहू द्या. माझ्यासमोर तुम्ही आहात, आपण तुमची बघू."

ते आठवडे त्यानं आमच्याकडेच काढले, कारण दुकानात गोण्या समोर दिसत आणि हात शिवशिवत. दुकानातल्या हमालांना सक्त ताकीद होती, मालक फिरकलाच तर गोण्यांवर बसून राहायचं. घरी बहीण-भाऊ दोघांचंही पथ्य, त्यामुळे आमच्या घरात कायमची एकादशी लागल्यासारखं झालं. हा भगरीकडे असा बघायचा, जसा मी पाचवीतल्या मुलाच्या शुद्धलेखनाकडे बघायचो. दंड उतरले, शर्ट सैल झाला. हिला ते बघवेना. एका दुपारी हिनं गुपचूप हुलग्यांचं माडगं केलं आणि गरम वाडगा त्याच्यापुढे ठेवला. यानं घोट तोंडात घेतला, डोळे मिटले, स्वर्गसुख चेहऱ्यावर पसरलं, आणि दुसऱ्या क्षणी तो परसाकडे पळाला. चूळ भरत तिथूनच ओरडला, "आक्का! हुलग्यात लई प्रोटीन आसतंय! मला नापास करती का काय!" ही आतून, "आरं, घोटभर माडग्यानं काय हुतंय रं? घोडं खातंय हुलगे!" "म्हनूनच तर घोडं हाय ते!" घरात पुष्कळ दिवसांनी हसू फुटलं. आजारपणात ती हसायची तेव्हा माळेचे मणी हलायचे, तेवढ्यावरून कळायचं.

एक प्रश्न मात्र तिच्या मनात होता, तो तिनं मला विचारला. अंड्या-मटणावर वाढलेली किडनी आपल्या पोटात आली, तर माळ चालेल का? मी ग्रंथांमध्ये शोधू लागलो. माझं शोधून होईपर्यंत तिनंच निकाल लावला होता. भावाला समोर बसवून म्हणाली, "खाल्ली तू, पन उकडली मी. पाप निम्मं निम्मं. आता किडन्या बी निम्म्या निम्म्या. मिटलं." माळ गळ्यातच राहिली.

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, लग्नात अंडी खाताना उभा राहायचा तसा. डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. म्हणाल्या, "काका, गाळण उत्तम आहे. दोन्हीची." यानं विचारलं, "म्हंजी निचरा?" त्या म्हणाल्या, "हो. निचरा एक नंबर." हा शब्द त्यांना कुणी शिकवला कोण जाणे, बहुधा यानंच तपासण्यांच्या फेऱ्यांत सगळ्या दवाखान्याला शिकवला असावा. राहुरीला परतल्यावर त्यानं पेढे वाटले नाहीत. उकडलेली अंडी वाटली, आणि माळकऱ्यांना फुटाणे. अण्णांनी अंडं उलटसुलट करून बघितलं, सोललं आणि म्हणाले, "तुमची जिमीन निराळी, पैलवान. पन म्हनून समद्यांनी करू नगा." त्यावर पहिल्यांदाच यानं वाद घातला नाही.

ऑपरेशन झालं तेव्हा दोघं दोन वेगळ्या खोल्यांत होते. हा शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलला ते नर्सला. "आक्काचा निचरा सुरू झाला का?" झाला होता. हिच्या खाटेला लावलेली पिशवी भरू लागली होती, आणि मी, पन्नास-साठ वर्षं पुस्तकांत घालवलेला माणूस, त्या पिशवीकडे देवळातल्या मूर्तीकडे बघावं तसा बघत होतो. मी दोन खोल्यांमध्ये ये-जा करून बातम्या पोचवल्या. हिनं निरोप दिला, "त्याला सांगा, चालू हाय. आन् म्हनावं, चांगली पोसली हुतीस."

नंतरची वर्षं आम्हाला वरकड मिळाली, आणि ती आम्ही तशीच खर्च केली, हात न आखडता. ही पुन्हा काट्यावर चढू लागली, आणि दर भेटीत दांडीवरचं वजन जरा पुढे सरकायचं. ती जेवताना मध्येच थांबून म्हणायची, "ही तुझी किडनी आज मटन मागतीय रं भावड्या, पन मी तिला पिठलं दिलं." त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता एकीवर दोघींचं काम आहे, तेव्हा बेतानं. ज्यानं आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, त्यानं हे ऐकलं. पावडरीचा डबा गेला, मोठी वजनं गेली, अंडी मोजकी झाली. कुणी चिडवलं की बरगडीखाली हात ठेवून म्हणायचा, "ही एक आक्कानं माझ्याकडं ठिवायला दिलीय. जपाय नको?"

गेल्या हिवाळ्यात ती गेली. किडनीनं दगा दिला नाही. न्यूमोनिया झाला आणि आवरला नाही. शेवटपर्यंत निचरा चालू होता, हे डॉक्टरांनी याला मुद्दाम सांगितलं. खांदा देताना तो पुढे होता. परतताना नदीच्या वाटेवर तो थांबला आणि म्हणाला, "दाजी, आक्का लई हालकी झाली हुती वं." सगळं आयुष्य वजनं उचललेला माणूस, आणि त्याला न पेललेलं तेवढं एकच.

मी तेव्हापासून थोडंथोडं लिहितो, थोडंथोडं खातो. त्यातलं दुसरं त्याच्या लक्षात आलं. आता रविवारी तो येतो तो थेट परसात जातो. भगुलं अजून पेरूखालीच आहे. घरात यायचं नाही हा तिचा नियम आम्ही दोघंही पाळतो. तो तीन विटा सारख्या करतो, वाकून फुंकर घालतो, आणि अंडी पळीनंच काढतो. एक त्याला, बाकीची मला. मग मला मोटारसायकलवर मागे बसवून राहुरीला नेतो, बंद दुकानाचं अर्धं शटर वर करतो आणि काट्यावर उभं करतो. पहिल्या खेपेला दांडीवरचं वजन त्याला मागे, आणखी मागे न्यावं लागलं होतं. तेव्हा त्यानं माझी नखंसुद्धा बघितली नाहीत.

परवा गेलो तेव्हा मी घरातून निघताना खुंटीवरची तिची भाजीची पिशवी सोबत घेतली होती. का, ते मला सांगता येणार नाही. काट्यावर चढलो, तीही हातातच होती. त्यानं पिशवीकडे बघितलं. मला वाटलं, खाली ठेवायला सांगेल. त्यानं मान खाली घालून दांडीवरचं वजन सरकवायला घेतलं, गेल्या खेपेच्या खुणेपाशी आणलं, थांबला, आणि बोटानं एक घर पुढे ढकललं. दांडी हलली, खाली-वर झाली, आणि मग अधांतरी तरंगली.

"ऱ्हाऊ द्या, दाजी," तो म्हणाला. "पिशवीसकटच धरू."